कुलवृत्तांताचं पान सत्तेचाळीस

रविवार, २९ जून, सकाळी साडेनऊ. जागा: काशीत दुर्गाघाटाच्या गल्लीतलं आमचं दुसऱ्या मजल्यावरचं घर, जेवणाचं टेबल. हजर: मी; माझे यजमान, बँकेत नोकरी; सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणतात, वय एक्याऐंशी, पाठशाळेत संस्कृत शिकवून निवृत्त; आणि आमची मुलगी, वय अठरा. बैठक तिच्यासाठी होती आणि तीच तेवढी टेबलाशी न येता खिडकीच्या कट्ट्यावर पाठ करून बसली होती. गैरहजर: कुणी नाही.

हे असं टिपून ठेवायची मला खोड आहे. मी एका शाळेच्या कार्यालयात बावीस वर्षं काम करते. दर एप्रिलात प्रवेशाचे अर्ज माझ्या टेबलावरून जातात. जन्मदाखला नाही, अर्ज परत. फोटोवर सही नाही, अर्ज परत. पालक तोंड वाकडं करतात, पण मी तपासून पुढे पाठवलेला अर्ज वरून कधी फिरून आलेला नाही. घरीही एक वही असते. कामं लिहायची, झालं की बरोबरची खूण करायची, नाही झालं तर दुसऱ्या दिवशीच्या पानावर उतरवायचं. ती वही समोर ठेवूनच हे लिहिते आहे.

बैठकीचा विषय एकच होता. मुलीने गणितासाठी सहा कॉलेजांत अर्ज केले होते: दोन पुण्यात, एक मुंबईत आणि दिल्ली, हैदराबाद, बेंगळुरूला एकेक. सहाही ठिकाणी नकार. बारावीला तिला गणितात शंभरापैकी अठ्ठ्याण्णव होते, तेव्हा असं काही होईल हे आमच्या कुणाच्याच मनात नव्हतं. शेवटचा नकार शुक्रवारी आला. तिने मोबाइल उपडा ठेवला आणि म्हणाली, "हो गया. छह में छह."

पुणं तर आम्ही ठरलेलंच धरून चाललो होतो. वसतिगृहात न्यायच्या सामानाची यादी मी मार्चमध्येच केली होती. दोन चादरी, उशीचे अभ्रे, कपडे वाळत घालायची दोरी, छोटं कुलूप. सगळ्यापुढे खुणा झालेल्या आणि बॅग भरून पलंगाखाली.

मी कागद वाचायला घेतला. "पर्याय एक. वर्षभर थांबून पुन्हा सगळ्या परीक्षा—"

"आई, प्लीज," ती पाठमोरीच म्हणाली.

"ऐकून तर घे. पर्याय दोन. इथलंच विद्यापीठ. गणिताचे अर्ज अकरा जुलैपर्यंत घेतायत. घरून जाऊन-येऊन—"

"पण पुण्याच्या लोकांनी कुलवृत्तांत पाहिला का?" नानांनी मध्येच विचारलं. त्यांना ऐकू चांगलं येतं. फक्त दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट बघत नाहीत. "पान सत्तेचाळीस. पाहिलं असतं तर नाही कसं म्हणतील?"

"पाहिलं असेल, नाना," मी म्हटलं आणि कागदावर नजर ठेवली.

यजमान लंगडा आंबा चिरत होते. घरात काही अवघड झालं की ते काहीतरी चिरतात किंवा पंखा पुसतात. त्यांनी एक फोड सुरीच्या टोकावर घेऊन खिडकीकडे धरली. तिने ती घेतली, हे मला बरं चिन्ह वाटलं.

"पर्याय तीन मी सांगते," ती फोड खात म्हणाली. "रामनगरच्या कॉलेजात बी.ए. हिंदी, समाजशास्त्र, गृहविज्ञान. फॉर्म आणलाय, भरलाय. मंगळवारी द्यायचा."

"आणि गणित?" यजमानांनी विचारलं.

"नको."

"अगं, पण का?"

"बाबा, एक-दोघांनी नाही म्हटलं असतं ना, तर म्हटलं असतं, त्यांची चूक. सहा जण थोडीच चुकतात? मला वाटत होतं मला येतं. नहीं आता. बस."

तिने हे चिडून किंवा रडून म्हटलं असतं तर मी बोलू शकले असते. ती अगदी सरळ, बसची वेळ सांगावी तशी बोलली. मी पर्यायांचा कागद घडी करून वहीत ठेवला. सहापैकी तीन जणांनी तिला नाही म्हटलंच नव्हतं. त्यांनी तिचे गुण उघडूनसुद्धा पाहिले नव्हते. टेबलाशी बसलेल्यांत हे फक्त मला माहीत होतं.

झालं होतं ते असं. पुण्याची दोन आणि मुंबईचं एक, या तिन्ही कॉलेजांचा अर्ज एकच होता. फेब्रुवारीत तो मी भरला, कारण या घरात अर्ज मी भरते. त्यात एक रकाना होता: उमेदवार महाराष्ट्राचा की इतर राज्याचा. मी महाराष्ट्रापुढे खूण केली. विचार केला नाही, कारण विचार करण्यासारखं त्यात काही दिसलंच नाही. आमचं घराणं सात पिढ्या काशीत आहे. माझं माहेर ब्रह्माघाटावर, इथून चालत पाच मिनिटं. पण दूधवाल्यासाठी मी 'मराठी भाभी', टोटोवाल्यासाठी, म्हणजे ई-रिक्षावाल्यासाठी, यजमान 'मराठी बाबू', आणि कुणी कुठले म्हणून विचारलं की आमच्या तोंडून कोकणातल्या एका गावाचं नाव निघतं, जिथे नाना एकदा जाऊन आलेत आणि आम्ही कुणीच नाही.

जूनमध्ये निरोप आला की महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा सात दिवसांत जोडा. अधिवासाचा दाखला आमच्याकडे कुठून असणार? मी नानांना विचारलं, आपण महाराष्ट्राचे असल्याचा काही कागद आहे का. नाना उठले, लोखंडी कपाट उघडलं आणि रेशमी फडक्यात गुंडाळलेला कुलवृत्तांत घेऊन आले. आमच्या सगळ्या घराण्याची छापील वंशावळ. पान सत्तेचाळीसवर आमची शाखा आहे: मूळ पुरुष कोकणातून काशीस आले, त्यांचे पुत्र, त्यांचे पुत्र. छापील मजकूर नानांच्या नावापाशी संपतो. त्याखाली नानांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात पुढचं लिहिलंय: माझे यजमान, मी, मग मुलगी. मुलीच्या नावापुढे शिक्षणासाठी जागा सोडली होती, आणि तिथे अगदी फिक्या अक्षरात 'पुणे' लिहूनही ठेवलं होतं.

मी ते पान स्कॅन केलं आणि अर्जाला जोडलं.

माझ्या शाळेत कुणी रहिवासाच्या दाखल्याच्या जागी घराण्याची वंशावळ आणून दिली असती, तर मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हाक मारून दाखवली असती. पण हे आमचं होतं. छापील होतं, बांधीव होतं, पान क्रमांक होता. मला ते पुरेसं वाटलं. वहीत खूण केली.

वीस जूनला माझ्या ईमेलवर उत्तर आलं. जोडलेला दस्तऐवज ग्राह्य नाही, अर्ज रद्द. मी कार्यालयातून बाहेर येऊन दिलेल्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, आवाज गोड. इतर राज्यांच्या यादीत अर्ज हलवता येईल का, असं विचारलं. ती मुदत मे महिन्यातच संपली होती. मी थोडं अजिजीने बोलले असेन, कारण ती म्हणाली, "मॅडम, तुमचं मराठी किती छान आहे! पण तुम्ही यूपीच्या ना?"

मुलीला पडद्यावर फक्त 'निवड झालेली नाही' एवढं दिसलं होतं. कारण माझ्याकडे आलं होतं. त्या संध्याकाळी मी वहीत लिहिलं: 'मुलीला सांगणे.' एकवीसच्या पानावर ते उतरवलं. बावीसच्याही. वाणी, गॅस, नानांच्या गोळ्या यांच्या खाली ते रोज येत होतं आणि रोज पुढे जात होतं. मग दिल्लीचं नाही आलं, मग हैदराबादचं, मग शुक्रवारी बेंगळुरूचं, आणि माझ्या तीन नकारांना त्या तीन खऱ्या नकारांनी आधार दिला.

रविवारी दुपारी गच्चीवर कपडे काढताना मी यजमानांना सांगितलं.

"वंशावळ?" ते म्हणाले. हातातला टॉवेल हातातच राहिला. "पेन्सिलीच्या अक्षरासकट?"

"हसू नका."

"हसत नाही." पण ओठ दाबून धरलेले दिसत होते. मग ते गंभीर झाले. "तिला सांग."

"तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकते ती."

"मी काय सांगू? खूण तू केलीस. मंगळवारच्या आत सांग. एकदा ते गृहविज्ञान भरून आली की मागे फिरायची नाही. हट्टात तुझ्यावर गेलीय."

सोमवारी माझ्याने झालं नाही. सकाळी समोरच्या घरातल्या काकू खिडकीत आल्या. आमची गल्ली इतकी अरुंद आहे की त्यांच्या चहात साखर किती पडते हे इथून मोजता येतं. "काय गं, पुण्याला कधी निघायचं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"पुणे कॅन्सल, काकू."

"अगं बाई! का? तिथली हवा किती छान. माणसं आपली."

"तुम्ही कधी गेलात?"

"मी? नाही बाई. पण म्हणतात ना."

मुलगी हसली आणि खिडकीतून आत आली. आत आल्यावर हसू उरलं नव्हतं. तिने टेबलावरची गणिताची पुस्तकं उचलली, रद्दीच्या गठ्ठ्यापाशी नेऊन ठेवली आणि सुतळी मागितली. मी म्हटलं, सुतळी संपलीय. ती संपलेली नव्हती. दहा दिवसांतलं तिच्याशी हे माझं दुसरं खोटं.

मंगळवारी, एक जुलैला, मी रजा काढून तिच्याबरोबर रामनगरला गेले. गल्लीतून वर चालत, मग ऑटोने पुलावरून पलीकडे. गंगेचं पाणी मातकट झालेलं, घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसेनाशा झालेल्या. पूर्ण पूल ओलांडेपर्यंत मी वाक्य जुळवत होते. ती कानात वायर घालून बसली होती.

कॉलेजच्या खिडकीत एक वयस्कर बाबू होते. त्यांनी फॉर्म सावकाश उलटा-सुलटा पाहिला. त्यांची पद्धत मला आवडली. बोट प्रत्येक ओळीवरून फिरत होतं. एका ठिकाणी थांबलं.

"निवास प्रमाण पत्र नहीं लगा है."

"वो तो नहीं है," मुलगी म्हणाली.

"क्यों? कहाँ के हैं आप लोग?"

"महाराष्ट्र के," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

"अच्छा. कब आए?"

"सात पीढी पहले."

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "तो माताजी, तहसील से बनवा लीजिए. सात पीढी वाला यहाँ का नहीं है, तो फिर हम कहाँ के हैं? हम तो बाप के साथ बलिया से आए थे." फॉर्म खिडकीतून परत आला. "शुक्रवार तक ले आइए, बिटिया."

पुरावा नाही, अर्ज परत. इतक्या वर्षांत मी हे हजारदा केलं असेन. खिडकीच्या या बाजूला उभी पहिल्यांदाच होते.

बाहेर लिंबूपाण्याची गाडी होती. दोन ग्लास घेतले. मुलगी म्हणाली, "यहाँ भी रिजेक्ट. आता गृहविज्ञानवाले पण नाही म्हणाले." आणि ती खरंच हसायला लागली, पण ते हसणं कुठे जाणार हे मला दिसत होतं. मी जुळवलेली सगळी वाक्यं विसरले.

"पुण्याचा अर्ज मी चुकवला," मी म्हटलं. "मुंबईचाही. तिन्ही. तुला त्यांनी नापास नाही केलं. महाराष्ट्राचा दाखला मागितला होता, मी कुलवृत्तांत जोडला. त्यांनी अर्ज रद्द केला. तुझे गुण त्यांनी पाहिलेच नाहीत."

ग्लास तिच्या तोंडापर्यंत जाऊन थांबला.

"कुलवृत्तांत? नानांचं पुस्तक?"

"पान सत्तेचाळीस."

"म्हणजे तिघांनी मला वाचलंच नाही."

"नाही."

"तुला कधी कळलं?"

"वीस तारखेला."

तिने बोटं मोजली. "अकरा दिवस. अकरा दिवस तू मला बघत होतीस, आणि मी म्हणत होते मला काही येत नाही, आणि तू भेंडी चिरत होतीस."

"हो."

"काल सुतळी होती ना घरात?"

"होती."

 तिने ग्लास संपवला, गाडीवाल्याला परत दिला. ऑटोत ती पुढे चालकाशेजारी जाऊन बसली. पुलाच्या मधोमध गेल्यावर मान न वळवता तिने विचारलं, "आणि बाकीचे तीन?"

खोटं बोलून तिला बरं वाटवायची सोय मला दिसत होती. "ते खरे आहेत," मी म्हटलं. "दिल्ली आणि हैदराबादच्या परीक्षेत कमी पडलीस. बेंगळुरूला मुलाखतीत गडबड झाली, तूच आल्यावर सांगितलं होतंस."

"हां," ती म्हणाली. "वो तो मैंने ही खराब किया था."

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. अगदीच नाही असं नाही. मीठ दे, दार लाव, एवढं चालू होतं. यजमानांनी तीन खोल्यांचे पंखे पुसले. नानांना काही वेगळं जाणवलं नाही किंवा जाणवलं तरी त्यांनी दाखवलं नाही. मी कामाला जात होते, येत होते. रामनगरचा फॉर्म टेबलावर तसाच पडून होता. वहीत 'मुलीला सांगणे' यापुढे खूण होती, पण ती केल्यावर बरं वाटायला हवं होतं तसं वाटलं नाही. मला वाटायचं, निदान तिने आदळआपट करावी.

गुरुवारी संध्याकाळी मी वहीत उद्याची कामं लिहीत असताना ती समोर येऊन बसली.

"मला एक पान दे."

मी दिलं.

"मधलं नको, शेवटून दे. तुझी वही उसवते."

तिने लिहायला घेतलं. मी उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न केला, तेव्हा तिने पानावर हात आडवा धरला. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं, अगदी माझ्या आवाजात, "पर्याय एक" म्हणताना मी भुवई वर करते तशी भुवई करून. यजमान आतून हसलेले ऐकू आले. इथल्या विद्यापीठात गणितासाठी अर्ज, ती स्वतः भरणार. निवासाचा दाखला, ती स्वतः काढणार, मी फक्त सोबत. दिल्लीची परीक्षा पुढच्या वर्षी पुन्हा, जमलं तर. रामनगर नाही. शेवटचं होतं: 'आईने काहीही लपवायचं नाही, चांगल्यासाठीसुद्धा नाही.'

"हे कलम रोजचं आहे," ती म्हणाली. "खूण नाही करायची."

अर्ज तिने शनिवारी सकाळी भरला. मी स्वयंपाकघरात होते आणि तिथेच राहायचं ठरवलं होतं. तिनेच हाक मारली. "आई, राज्याचा रकाना आलाय. बघून जा."

मी हात पुसत गेले. उत्तर प्रदेशापुढे खूण होती.

"बरोबर?"

"बरोबर."

"पक्का? पुस्तक काढू का?"

"चावट कुठली," मी म्हटलं आणि परत पोळ्यांकडे गेले. मला वाटलं, नऊ दिवसांनी ही माझ्याशी नीट बोलते आहे. वहीत पाहिलं तर प्रत्यक्षात चारच झाले होते.

निवासाचा दाखला मिळायला पुढे दोन आठवडे गेले. एका फेरीत आधार, एका फेरीत नानांची सही. दाखला आला तेव्हा यजमानांनी तो हातात घेऊन बराच वेळ वाचला. एका पानाचा होता. त्यांनी स्वतःचाही काढायचं ठरवलंय. ते कलम त्यांच्या यादीत आहे, आणि ते यादी कधी करत नाहीत.

आज रविवार, २७ जुलै. हजर: तेच चौघे. विद्यापीठाची यादी अजून लागलेली नाही. लागेल तेव्हा लागेल. नाव असेल किंवा नसेल. गणिताची पुस्तकं रद्दीजवळून खिडकीच्या कट्ट्यावर आली आहेत आणि ती आत्ता तिथेच, या वेळी तोंड खोलीकडे करून, एक उदाहरण तिसऱ्यांदा सोडवते आहे. पहिल्या दोन वेळा तिला चुकलेलं कळलं, आणि ती "अरे यार" म्हणून पुन्हा सुरुवातीपासून लागली. पलंगाखालची बॅग मी काल रिकामी केली. चादरी कपाटात, दोरी गच्चीवर, कुलूप नानांच्या कपाटाला.

जुलैच्या पानांवरचं जवळजवळ सगळं झालंय. एकच उरलंय. 'कुलवृत्तांत नानांना परत देणे.' पुस्तक दीड महिना माझ्या टेबलावर आहे, पान सत्तेचाळीसमध्ये माझी चिठ्ठी. ते द्यायचं म्हणजे नाना विचारणार, त्यांनी पाहिलं का, काय म्हणाले. आणि आता 'पाहिलं असेल' असं म्हणायची सोय नाही.

जेवायच्या आधी नानांनी विचारलंच. "पुस्तक झालं का तुझं? यादी लागली की पुढचं लिहून टाकतो."

"देते नाना, संध्याकाळी."

खिडकीतून मुलीने माझ्याकडे पाहिलं. "आई. कलम शेवटचं."

"ते तुझ्या बाबतीत आहे."

"कुठे लिहिलंय तसं?"

तसं कुठेच लिहिलेलं नाही. मी तिने लिहिलेलं पान काढून पाहिलं. मग कुलवृत्तांतही उघडला. तिच्या नावापुढचं 'पुणे' इतकं फिकं आहे की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाही. खोडरबर ड्रॉवरमध्ये आहे. मी ते काढलं, पुस्तकाशेजारी ठेवलं, आणि आठवलं की अक्षर नानांचं आहे.

पुस्तक मिटलं. रेशमी फडकं गुंडाळलं. वहीत सोमवारचं पान काढून पहिल्या ओळीवर 'कुलवृत्तांत नानांना परत देणे' हे पुन्हा उतरवलं.